तोंडी ठेका

जळगाव जिल्ह्यातल्या पहूरमध्ये घराचं काम कापसाच्या पैशावर निघतं. दिवाळीच्या आगेमागे कापूस घरात येतो, भाव बघून विकला जातो आणि त्यातून उरलेल्या रकमेवर कुणी धाब्याच्या जागी स्लॅब टाकतं, कुणी मागच्या अंगाला संडास-बाथरूम काढतं, कुणी लग्नाच्या मुलासाठी वर एक खोली चढवतं. काम संपायची मुदतही ठरलेली असते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी यायच्या आत, घरात लग्न असेल तर हळदीच्या आत, आणि यातलं काही नसेल तरी मृगाच्या आत.

अडचण अशी की गावातल्या सगळ्यांनाच या चार-पाच महिन्यांत काम हवं असतं. जळगाव–छत्रपती संभाजीनगर आणि पाचोरा–जामनेर हे रस्ते पहूरला एकमेकांना छेदतात. त्यामुळे इथल्या ठेकेदाराला पहूर पेठ आणि पहूर कसबे या दोन गावांखेरीज आसपासच्या खेड्यांतूनही बोलावणं असतं. नावाजलेले मिस्तरी थोडे आणि हंगाम छोटा, म्हणून एक ठेकेदार एकाच वेळी अनेक घरं धरतो. आज तुमच्याकडे पाया, उद्या दुसऱ्याकडे सेंट्रिंग, परवा तिसऱ्याकडे गिलावा. त्यात सातपुड्याकडून आलेले मजूर होळीच्या आधी भोंगऱ्या बाजारासाठी आपापल्या पाड्यावर जातात आणि काम आठ-दहा दिवस ठप्प होतं. हे दरवर्षी होतं, सगळ्यांना माहीत असतं, तरी ठेका ठरवताना ते कुणी बोलून दाखवत नाही.

न बोललेल्या अशा गोष्टींतूनच पुढची बहुतेक भांडणं उगवतात, असं माझं स्पष्ट मत आहे. ठेकेदाराला लबाड ठरवणं सोपं असतं, आणि काही लबाड असतातही. पण गावातली बहुसंख्य भांडणं दोन प्रामाणिक माणसांमधली असतात. ठेका ओट्यावर चहा पिता पिता ठरतो. ठेकेदार भावकीतला असतो किंवा मेहुण्याच्या ओळखीचा असतो. "नाना, घरचंच काम आहे, तुम्ही काळजी नका करू," असं तो म्हणतो, आणि नाना खिशातून उचल काढून देतात. कागद काढला तर समोरच्याला अपमान वाटेल, ही भीती दोघांच्याही मनात असते. दर ठरतो, पण तो दर कशाकशाचा, हे ठरत नाही.

काम देण्याच्या पद्धती साधारण तीन. रोजंदारीत मिस्तरी आणि बिगारी यांना दिवसाची मजुरी द्यायची. माल आपला, देखरेख आपली. मजुरीच्या ठेक्यात चौरस फुटाला दर ठरतो आणि माल आपणच आणतो. मटेरियलसह ठेक्यात सगळं ठेकेदाराचं. रोजंदारीत काम लांबतं, मजुरीच्या ठेक्यात ते घाईनं उरकलं जातं आणि मटेरियलसह ठेक्यात माल हलका पडण्याचा धोका असतो. यातली कोणतीही निवडा, पण निवडताना तिचा धोका कोणता आणि त्यावर नजर कोण ठेवणार, हे आधी ठरवा. शेतात दिवसभर राबणाऱ्या माणसानं रोजंदारी निवडली तर देखरेख कुणी करायची?

आता मोजमाप. चौरस फुटाचा दर म्हटला की आकडा पक्का वाटतो. पण मोजायचं काय? भिंतीच्या आतून की बाहेरून? सज्जा धरायचा का? जिना, त्याच्यावरची टोपी, गच्चीचा कठडा, मोरीतली फरशी, पाण्याच्या टाकीचा चौथरा यांचं काय? ठेकेदाराच्या हिशेबात यातलं बरंचसं "एक्स्ट्रा" असतं, घरमालकाच्या हिशेबात सगळं आत असतं. शेवटच्या हप्त्याच्या दिवशी दोघं टेप घेऊन उभे राहतात तेव्हा आवाज चढतो.

गिलाव्याचंच उदाहरण घ्या. घराला 3 बाय 7 फुटांची चार दारं आणि 4 बाय 4 फुटांच्या सहा खिडक्या आहेत. ही उघडी जागा एका बाजूनं 180 चौरस फूट भरते, दोन्ही बाजूंनी 360. घरमालक म्हणतो, "जिथं गिलावा केलाच नाही त्याचे पैसे कशाला? 360 वजा करा." ठेकेदार म्हणतो, "कडा आणि कोपरे काढायला दुप्पट वेळ जातो, काहीच वजा होणार नाही." दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच भारतीय मानक ब्युरोनं यासाठी नियम घालून दिला आहे. मोजमापाच्या आयएस 1200 या मानकानुसार अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करायची नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरच्या जागेची एकाच बाजूची करायची, कारण दुसऱ्या बाजूची वजावट कडांच्या कामात फिटते. आपली दारं आणि खिडक्या या दुसऱ्या गटात येतात. म्हणजे वजावट 180 चौरस फूट. सरकारी कामांची मोजमापं याच पद्धतीनं होतात. "मोजमाप आयएस 1200 प्रमाणे" एवढे शब्द करारात घातले तर हा वाद उरत नाही.

ब्रासचा घोळही असाच. वाळू-खडीचा ब्रास म्हणजे 100 घनफूट, फरशी-गिलाव्याचा ब्रास म्हणजे 100 चौरस फूट. ट्रॅक्टरवाला "एक ब्रास टाकली" म्हणतो तेव्हा ट्रॉलीची आतली लांबी, रुंदी आणि वाळूची उंची फुटांत मोजून गुणाकार करा आणि 100 नं भागा. सळईलाही सोपं सूत्र आहे. जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा आणि 162 नं भागा. एका मीटरचं वजन किलोत मिळतं. 12 मिलिमीटरची 12 मीटर लांब सळई साधारण 10.67 किलो भरली पाहिजे, 8 मिलिमीटरची 4.74 किलो. कारखान्यातून निघताना थोडा फरक चालतो. पण वजनकाट्यावर दहा सळयांमागं दहा किलो कमी भरले, तर मालाबद्दल प्रश्न विचारायलाच हवा.

वाळूच्या भावाचं वेगळं बोलायला हवं. राज्य सरकारनं 2023 मध्ये डेपोतून 600 रुपये ब्रासनं वाळू देण्याचं धोरण आणलं, 2025 मध्ये ते बदलून पुन्हा लिलावाकडे वळलं आणि दगड दळून केलेल्या कृत्रिम वाळूला उत्तेजन दिलं. तापी, गिरणा, वाघूर यांच्या काठच्या गावांतही वाळू कधी मिळेल आणि काय भावानं, याचा भरवसा नसतो. मटेरियलसह ठेका घेणारा ठेकेदार जानेवारीत दर देतो; मार्चमध्ये वाळू महागली की तो एकतर काम थांबवतो, नाहीतर सिमेंटचं प्रमाण कमी करतो. दुसरी गोष्ट कुणाला दिसत नाही आणि ती जास्त वाईट. म्हणून दर ठरवतानाच लिहावं की वाळू अमुक भावापेक्षा महागली तर वरचा फरक घरमालक देईल. हे घरमालकाच्या तोट्याचं वाटतं, पण त्याचं छत त्यामुळे वाचतं.

पहूरच्या परिसरात सगळ्यात जास्त जपायला हवं ते जुन्या घराच्या कामात. खानदेशातलं जुनं घर धाब्याचं: जाड दगडमातीच्या भिंती, आत लाकडी खांब, त्यावर तुळया, किलच्या आणि वर मातीचा थर. ही माती उन्हाळ्यात घर थंड ठेवते. या छताचा बराचसा भार खांबांवर असतो, भिंत मुख्यतः आडोशाचं काम करते. आता धाबं गळू लागलं की ठेकेदार सुचवतो, "आबा, भिंती दणकट आहेत, खांब काढू, वर स्लॅब टाकू." जागा मोकळी होते, खर्च कमी होतो. पण 10 बाय 12 फुटांच्या खोलीवर पाच इंची स्लॅब टाकला तर त्याचं वजन साधारण साडेतीन टन भरतं. खांब काढल्यावर हा सगळा भार मातीत रचलेल्या भिंतीवर येतो. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसं दगावली ती प्रामुख्यानं दगडमातीच्या भिंती आणि जड मातीची छतं कोसळून. त्या भिंतीला बांधून ठेवणारं काही नसतं, हा धडा महाराष्ट्रानं फार मोठी किंमत देऊन घेतला. जुन्या भिंतीवर नवा स्लॅब टाकायचा असेल तर त्याचा भार कॉलम आणि बीम घेतील, अशी रचना अभियंत्याकडून करून घ्यावी. जामनेर किंवा जळगावच्या अभियंत्याची फी स्लॅबच्या खर्चापुढे किरकोळ असते. याबाबतीत ठेकेदाराच्या अनुभवावर विसंबू नये. कॉलमच्या खाली काय आहे, हे त्यालाही दिसत नसतं.

आणि खाली असते काळी माती. कपाशीला मानवणारी ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरवर खोदलेल्या पायावरचं घर याच हालचालीबरोबर वरखाली होतं आणि चौकटीच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात. गिलावा करून त्या बुजवल्या तरी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडतात, आणि घरमालक गिलावा करणाऱ्याला दोष देतो. पाया काळ्या थराखाली मुरमापर्यंत नेणं हाच त्यावरचा खरा उपाय. तो किती फूट जाईल, हे खोदल्याशिवाय कळत नाही, म्हणून पायाचा दर घराच्या दरात कोंबू नये. खोलीच्या फुटामागं वेगळा ठरवावा. खोदाईनंतर खड्डे बुजवण्याआधी आपण स्वतः पाहावं आणि फोटो काढावेत.

यानंतर पाण्याविषयी सांगायचं आहे. हा प्रश्न खानदेशात इतर कुठल्याही प्रश्नापेक्षा मोठा आहे, तरी ठेका ठरवताना त्याचा शब्दही निघत नाही. काँक्रीट वाळून कडक होतं, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होतं, आणि ही क्रिया चालू राहण्यासाठी त्याला ओल लागते. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर गेलेला असताना आणि दुपारी झळा मारत असताना उघड्या स्लॅबवरचं पाणी काही तासांत उडून जातं. पाणी संपलं की सिमेंटचं काम तिथंच थांबतं. वरून स्लॅब कडक दिसतो, पण आतून तो कच्चा राहतो आणि पहिल्याच पावसात पाझरतो. आयएस 456 या काँक्रीटच्या मानकात उष्ण, कोरड्या हवेत किमान दहा दिवस ओलावा ठेवायला सांगितलं आहे, आणि राख मिसळलेलं पीपीसी सिमेंट वापरलं असेल तर चौदा दिवसांची शिफारस आहे. बाजारात मिळणाऱ्या गोण्यांत पीपीसीच जास्त असतं.

10 बाय 12 च्या स्लॅबवर बांध घालून दोन इंच पाणी साठवायचं म्हटलं तर साडेपाचशे लिटरच्या वर पाणी लागतं, आणि उडून गेलेलं रोज भरावं लागतं. ज्या गावात उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी येतं, तिथं हे पाणी कोण देणार? ठेकेदार धरून चालतो की घरमालक. घरमालक धरून चालतो की ठेकेदार. शेवटी घरातली बाई धुण्याच्या पाण्यातून दोन बादल्या मारते आणि तेवढ्यावर भागवलं जातं. ओली गोणपाटं अंथरली तर बरंच कमी पाणी पुरतं, पण ती आणायची कुणी, हेही लिहायला हवं. शक्य असेल तर स्लॅब फेब्रुवारी संपायच्या आत टाकावा. मेमध्येच टाकावा लागला तर पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत संपवावा.

कालवताना मात्र उलट चूक होते. घट्ट काँक्रीट पाट्यांतून ओतायला आणि पसरायला जड जातं, म्हणून बिगारी पाणी वाढवतात. 50 किलोच्या एका गोणीला साधारण 25 लिटर पाणी पुरतं. जास्तीचं पाणी उडून गेल्यावर आत पोकळ्या ठेवून जातं. टाकताना कमी पाणी, टाकल्यावर भरपूर पाणी, हे मिस्तरीला त्या दिवशी सकाळी पुन्हा सांगावं.

सेंट्रिंग काढण्याची घाईही इथंच येते. प्लेटा आणि टेकू भाड्याचे असतात, आणि ठेकेदाराला ते पुढच्या घराला हवे असतात. आयएस 456 नुसार साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू किमान सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे किमान चौदा दिवस ठेवायला हवेत. हे दिवस साध्या ओपीसी सिमेंटसाठी आहेत. पीपीसी हळू पकडतं, म्हणून आणखी थोडे दिवस ठेवणं शहाणपणाचं. चार दिवसांनी ठेकेदार "निघतील आता" म्हणाला तर नम्रपणे पण ठाम नकार द्यावा, आणि वाढीव दिवसांचं भाडं लागत असेल तर ते द्यावं.

पैशाच्या बाबतीत दोष एकट्या ठेकेदाराचा नसतो. काम अर्ध्यावर थांबतं ते अनेकदा पैसे थांबल्यामुळं. पहूरहून फर्दापूरमार्गे अजिंठ्याला गेलात तर चोविसावं लेणं बघा. ते अर्धवट आहे. खांब कुठं नुसते ठोकळे, कुठं अर्धे घडवलेले, त्यामुळे काम कोणत्या टप्प्यावर थांबलं ते स्पष्ट दिसतं. अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांच्या मांडणीनुसार वाकाटक राजा हरिषेण गेल्यावर राजाश्रय तुटला आणि कारागिरांना काम सोडावं लागलं. साम्राज्याचं काम जिथं थांबलं, तिथं दोन क्विंटल कापसाच्या भरवशावर निघालेल्या मजल्याचं काय! पूर्ण रक्कम हाताशी नसेल तर पाया आणि खालचं काम एका वर्षी, वरचं पुढच्या वर्षी असं उघडपणे ठरवावं. ठेकेदाराचे मजूर शनिवारी पगार मागतात. त्याला वेळेवर हप्ता मिळाला नाही तर तो दुसऱ्या घराकडे वळणारच.

याच कारणासाठी हप्ते कामाच्या टप्प्यांशी बांधलेले असावेत: जोतं झालं, भिंती झाल्या, स्लॅब पडला, गिलावा झाला. तारखेनुसार किंवा सणानुसार पैसे देऊ नयेत. पोळ्याची उचल, दिवाळीची उचल असं करत ठेकेदार कामाच्या पुढं गेला की त्याला परत आणणं कठीण. सार्वजनिक बांधकाम खातं आपल्या ठेकेदाराची सुरक्षा ठेव धरून ठेवतं आणि दोष दायित्वाचा काळ संपल्यावरच परत करतं. तेच घरमालकानंही करावं. एकूण रकमेतला शेकडा पाच ते दहा भाग पहिला पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवायचा, आणि तो देण्याची तारीख करारात लिहायची. चांगला ठेकेदार याला नाही म्हणत नाही, फक्त ते आधी सांगावं लागतं.

घरकुलाच्या लाभार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घर लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं असतं. त्यात ठेकेदार नेमायला मनाई आहे. अनुदान हप्त्याहप्त्यानं लाभार्थ्याच्या खात्यावर येतं. "खात्यावर पैसे आले की मला द्या, चावी मी देतो" असं म्हणणाऱ्याच्या हाती पासबुक देऊ नये.

ठरवताना घरातल्या बाईला ओट्यावर बोलवा. स्वयंपाकाचा ओटा तिच्या उंचीला किती हवा, मोरीचा उतार कुठं, पापड-कुरडया वाळवायला आणि उन्हाळ्यात निजायला गच्चीवर जाणारा जिना किती रुंद, हे तिला ठाऊक असतं. काम निम्मं झाल्यावर ती सांगते तेव्हा ठेकेदार तोडफोडीचे पैसे लावतो, आणि ते लावणं त्याच्या जागी बरोबर असतं. तरीही मधेच बदल होतातच. त्यासाठी शंभर पानी वही पुरते: बदल कोणता, त्याचे पैसे किती, दिवस किती वाढले, आणि खाली दोघांच्या सह्या.

एवढं करूनही बिनसलं तर? महारेराकडे जाण्यात अर्थ नाही. रेरा कायदा विक्रीसाठी बांधल्या जाणाऱ्या प्रकल्पांसाठी आहे, आणि स्वतःच्या घराचं काम किंवा दुरुस्ती त्याच्या कक्षेत येत नाही. रस्ता आहे तो ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये 'सेवा' या व्याख्येत घरबांधणी आहे. लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1993 च्या नोव्हेंबरमध्येच घरबांधणी ही सेवा असल्याचा निर्णय दिला होता. ठेक्यानं दिलेलं काम त्यात बसतं. रोजंदारीवर आपल्याच सांगण्यानुसार काम करणाऱ्या मिस्तरीविरुद्ध मात्र हा मार्ग सहसा चालत नाही, कारण ती व्यक्तिगत चाकरी ठरू शकते. तुम्ही जिथं राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे पहूरच्या माणसाला जळगावचा जिल्हा आयोग. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही.

पण आयोग पुरावा मागतो. म्हणून उचल रोख न देता बँकेतून किंवा मोबाइलवरून द्यावी, प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवावेत, आणि दोष दिसला की ठेकेदाराला आधी तोंडी, मग पोच मिळेल अशा टपालानं लेखी कळवावं. त्याला दुरुस्तीची संधी द्यावी. बहुतेक जण ती घेतात. नाही घेतली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा आणि तक्रारीच्या तयारीला लागा. भावकीत वाईटपणा नको म्हणून पावसाळ्यामागून पावसाळे गळक्या छताखाली काढू नका. वादाचं कारण घडल्यापासून तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे.